टक्कल आणि चवीची पूड

फेचबुरीच्या बाजारात बुनसोंगकाकांच्या नूडल्सच्या गाडीला एकच दुखणं होतं, ते म्हणजे काकांचं डोकं. डोकं तुळतुळीत आणि हात सढळ. तांदळाच्या नूडल्सवर डुकराच्या हाडांचा रस्सा, फिश सॉस, आणि सगळ्यांदेखत चमचाभर चवीची पूड, मिठासारखी पांढरी, रस्सा आणखी रुचकर करणारी. ती पूड खाल्ली की केस गळतात, असं अख्ख्या बाजाराचं ठाम मत होतं. आता बाजाराला पुरावा कशाला लागतो? तरी काकांच्या रूपाने तोही समोर उभाच होता.

त्यात समोरच्या नूडल्सवाल्या जिन्तनाने ‘आमच्याकडे ती पूड वापरत नाहीत’ अशी पाटी लावली आणि काकांची गिऱ्हाइकं तिच्याकडे वळू लागली.

“काका, तुम्हीही पाटी लावा की,” शाळेतल्या विलाईबाई म्हणाल्या. “फक्त वर टोपी घाला!”

“खोटी पाटी? मेलो तरी नाही लावणार!” काका गुरगुरले. पण असंच चाललं तर गाडी विकावी लागेल, या धास्तीने त्यांना घास गोड लागत नव्हता.

अशात आरोग्य खात्याचा साहेब मोटारसायकलवरून पुडीतली भेसळ तपासायला आला. काकांना देवच पावला. साहेबाने चमच्यात पूड घेऊन आचेवर धरली.

“भेसळीचा टाकणखार असता तर पांढरा राहिला असता. ही जळून काळी झाली, म्हणजे अस्सल. बेताने घाला, खुशाल खा. केसांशी हिचा काडीचा संबंध नाही!” असं म्हणून त्याने घाम पुसायला हेल्मेट काढलं.

साहेबाचं डोकं काकांच्याही वरताण!

“रोज तपासतो ना बिचारा,” कुणीतरी हळहळलं. बाजार खदाखदा हसला. काकांना रडू फुटायचं बाकी होतं.

मागे वाडगे धुणारी त्यांची बायको लमदुआनकाकू ताडकन उठली. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. तिने अंबाडा सोडला. काळेभोर केस गुडघ्यापर्यंत आले.

“लग्न झाल्यापासून रोज यांचाच रस्सा पितेय. यांचं टक्कल माझ्या सासऱ्यांची देणगी आहे! घ्या बघून!”

दुसऱ्या दिवशी गाडीपुढे ही रांग! पुढे विलाईबाई. “मला दोन चमचे घाला. आणि थोडी बांधून द्या, खोबरेल तेलात कालवून लावते.”

आठवड्याच्या आत साहेबाला परत यावं लागलं. या वेळी पाटी त्यानेच आणली: ‘ही पूड खाण्यासाठी आहे. डोक्याला चोळू नये.’ काकांनी ती ऐटीत गाडीवर टांगली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडाणी म्हणत मोठ्याने वाचूनही दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू अभ्रे धुवायला काढत होती.

“अहो, तुमच्या उशीला हे पांढरं काय लागलंय?”

“मीठ असेल,” काका म्हणाले आणि गाडी घेऊन चटकन बाहेर पडले.