चाचांनी लावलेली हिरवळ

रोप लावण्याआधी चाचा उकिडवे बसत आणि जमिनीवर पालथा तळहात ठेवत. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. आपण घाई केली की म्हणत, "थांबा बाई, इचारून राह्यलो तिले."

जमीन काय सांगे, ते आम्हाला कधी कळलं नाही. पण चाचांचं रोप सहसा मरत नसे.

इथेच दिग्रसला ते कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडलं आणि पन्नाशी उलटलेल्या या माणसाने माळीकामासाठी हातात खुरपं घेतलं. त्याच सुमारास कापसाच्या एका शेतात प्लॉट पडले आणि आमची बारा बंगल्यांची कॉलनी उभी राहिली. मी कॉलेजात शिकवत होते. नागपूरच्या मासिकांतून अंगणांचे फोटो कापून ठेवायचे. मला कार्पेट लॉन हवं होतं, पांढरे गोटे, पामची रांग आणि मध्ये वेताच्या खुर्च्या.

चाचांनी कात्रणं लांब धरून पाहिली. "फोटो झकास हाय. पन हे काळी माती हाय बाई, उन्हाळ्यात फाटते. शेवगा लावा, कढीपत्ता लावा. मेंदीचं कुंपन करू."

"चाचा, शेवगा काय, कुठेही असतो."

"म्हनूनच तं म्हनलं," ते हसले. पण लॉन त्यांनी असं केलं की लोक फाटकाशी थांबून पाहत. तुम्हीही थांबला असता.

त्या उन्हाळ्यात कॉलनीच्या एकमेव बोअरचं पाणी खाली गेलं. बैठकीत ठरलं, झाडांना पाइप लावायचा नाही. बैठकीत मीही होते, हात वर केला होता. आणि आठ दिवसांवर माझ्या मुलीचा साखरपुडा होता, त्याच लॉनवर. गवत पिवळं पडायला लागलं होतं.

मी चाचांना म्हटलं, "दुपारी सगळे झोपतात. तेवढ्यात पाइप लावा."

"पानी साऱ्यायचं हाय बाई. मी सायकलवर डबे भरून आनतो नं विहिरीवरून."

"डब्यांनी काय होणार? लावा म्हणते ना."

त्यांनी लावला. तीन दुपारी. चौथ्या दिवशी मोटर जळाली.

बायका रिकाम्या बादल्या घेऊन आमच्या फाटकाशी आल्या, मागून शेजारचे वकील. ओलं लॉन सगळ्यांना दिसत होतं. वकिलांनी विचारलं, "मॅडम, पाइप कोणी लावला?"

चाचा माझ्यापासून चार हातांवर गोट्यांमधलं गवत काढत होते. मी म्हटलं, "मला तर माहीतच नाही. मी कॉलेजात असते. चाचांनीच लावला असेल."

चाचांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. मग वकिलांना म्हणाले, "हो जी. माह्याच हातानं लागला."

लोक बोलायचं ते बोलले. कॉलनीत पुन्हा पाय ठेवू नको, असंही म्हणाले. चाचांनी नळ घट्ट केला, पाइप गुंडाळून भिंतीशी ठेवला आणि सायकल काढली. मी तिथेच उभी होते. एक वाक्य पुरे होतं. ते मी बोलले नाही.

साखरपुडा थाटात झाला. व्याही म्हणाले, "लॉन फार सुंदर ठेवलंय." मी "हो ना" म्हटलं.

मुलगी सासरी गेली, पुढचा पावसाळाही सरला, तेव्हा कुठे मी चाचांचं घर शोधत गेले. बंद जिनिंगच्या मागे दोन खोल्या आणि वीतभर अंगण. त्यात दोडक्याचा मांडव, मांडवाखाली खाट. चाची बाहेर आल्या. चाचा गेल्याला दोन महिने झाले होते. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नव्हता.

मी खाटेवर बसले आणि सगळं सांगितलं. पाइप लावायला मीच लावलं होतं, हे पहिल्यांदाच कुणापुढे बोलले. चाचींनी मध्येच थांबवलं.

"मालूम हाय मले. त्यायनं त्याच दिवशी सांगतलं होतं."

"मग काही बोलले का नाहीत ते?"

"मी बी तेच इचारलं. तं म्हने, पोरीची सोयरीक जमून राह्यली, त्यात बाईले खाली पाहा लागन. कायले बोलाचं?"

मला वर बघवेना. चाचींनी चहा दिला. तो नको म्हणायचाही मला हक्क नव्हता. प्यायले.

मी निघाले, तेव्हा त्या कपबशी घेऊन मोरीपाशी बसल्या. तांब्याभर पाण्यात त्यांनी कप विसळला, बशी विसळली. ते पाणी खापरांच्या बारीक नालीतून अंगणभर फिरत गेलं, आधी अळूला, मग केळीला. केळीपाशी माती काळीभोर ओली होती. मी चपला घालायची थांबले आणि पाणी मुरेपर्यंत पाहत राहिले.