पानं उलटणारी ताई

माझी थोरली बहीण पियानो वाजवायची. घरापुरती नव्हे, मोठमोठ्या सभागृहांत लोक तिकीट काढून तिला ऐकायला यायचे. आमचे बाबा शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आणि मागच्या खोलीत पियानो, तोही एका बंद पडलेल्या नृत्यशाळेनं टाकून दिलेला. ताईच्या हातांना घरात भलताच मान. तिला सुरीला हात लावायची बंदी, आणि भांडी सगळी माझ्या, धाकट्या भावाच्या, वाट्याला.

"तिचे हात काचेचे, मग माझे काय लोखंडाचे?" मी एकदा आईला विचारलं.

"तुझे माझ्यासारखे," आई म्हणाली आणि आणखी एक पातेलं पुढे सरकवलं.

ताईनं त्या लाडाचं चीज केलं. रोज सहा-सहा तास बसायची. एकच ओळ शंभरदा. शेजारची आजी भिंतीवर थाप मारून ओरडायची, "अगं बाई, आता पुढे तरी जा!" बाविसाव्या वर्षी बाबांनी शिवलेला काळा झगा घालून ती पहिल्यांदा मोठ्या रंगमंचावर आली. पुढची सोळा वर्षं देशोदेशी फिरली. त्यात लग्न राहून गेलं. बाबा गेले तेव्हा ती दोन दिवसांच्या अंतरावर होती.

अडतिसाव्या वर्षी तिच्या उजव्या हाताची करंगळी आत वळायला लागली. दुखत नव्हती, सुजली नव्हती. चमचा धरताना, बटण लावताना अगदी सरळ. पियानोच्या पट्ट्यांवर ठेवली की मात्र मुडपायची, पाठोपाठ अनामिकाही. ताईनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. अवघड रचना गुपचूप कार्यक्रमातून काढल्या आणि सराव वाढवला.

मग ती संध्याकाळ आली. मी तिसऱ्या रांगेत होतो. सोबत मोठा वाद्यवृंद होता. एका वेगवान जागेत ताई थांबली. बाकीचे थोडे पुढे गेले, मग एकेक करून तेही थांबले. ताई उठली, लोकांसमोर वाकली आणि आत गेली.

"हात ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "मेंदूलाच ती दोन बोटं नीट ओळखू येईनाशी झालीत. अतिसरावानं होतं असं कधीकधी."

"मग सराव सोडला तर परत येतील?" ताईनं विचारलं.

डॉक्टरांनी तिच्याऐवजी माझ्याकडे पाहिलं. तिला काय ते कळलं.

दोन वर्षं उपचारांत गेली. शिकवून पाहिलं, पण मुलांना करून दाखवता येईना, तेव्हा तेही सोडलं. आणि एक दिवस कुणीतरी मला सांगितलं की त्याच सभागृहात ताई आता दुसऱ्या वादकांच्या शेजारी बसून त्यांच्या स्वरलिपीची पानं उलटते. मी तडक तिच्या घरी गेलो.

"तुला काही वाटत नाही? जिथं तू वाजवायचीस, तिथंच बाजूच्या खुर्चीवर बसायचं?"

ती चहा गाळत होती. "वाटतं ना. पण पियानोच्या इतक्या जवळ बसायला दुसरी जागा आहे का? असली तर सांग, उद्या तिथं जाते."

मी एकदाच बघायला गेलो. ती वादकाच्या डावीकडे, जरा मागे बसलेली. वादकानं मान हलवायच्या आत उठून डाव्या हातानं पान उलटायची. टाळ्या पडल्या की वादक वाकायचा. ताई खाली मान घालून बसून राहायची. उजवा हात मांडीवर, मूठ मिटलेली. मी पुन्हा गेलो नाही.

अकरा वर्षं तिनं ते काम केलं. मग न्यूमोनियाचं निमित्त झालं, आठ दिवसांत गेली.

नंतर सभागृहातल्या पियानोचे सूर जुळवणारे म्हातारे गृहस्थ मला भेटायला आले. "मी काम संपवून उठलो की बाई म्हणायच्या, जरा बघू खर्ज नीट लागलाय का. आणि डाव्या हातानं वाजवत बसायच्या. अर्धा-अर्धा तास. खर्ज केव्हाच लागलेला असायचा हो."

"काय वाजवायची?"

"सगळं. उजव्या हाताची जागा आली की थांबायच्या. तेवढा वेळ जाऊ द्यायच्या, मग पुढे."

अकरा वर्षं हे ऐकायला तेवढे एकटेच होते. मला तिनं कधी बोलावलं नाही; आणि मीही कधी विचारलं नाही.