गुलशनच्या गाडीतला कॅमेरा

गुलशन परकारला पनवेलमधले बरेच लोक 'रक्तवाली बाई' म्हणायचे. त्यात कुणाच्या मनात वाईट काही नसायचं. एका पॅथॉलॉजी लॅबसाठी ती सकाळी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. नवरा कुवेतला क्रेनवर होता, मुलगी रिदा फार्मसीच्या कॉलेजात. आधी गुलशन स्कूटरवर फिरायची; पुढे कंबर बोलायला लागली, तेव्हा नवऱ्याने तिला एक जुनी, दोन दारांची छोटी इलेक्ट्रिक गाडी घेऊन दिली. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मीटरला जोडून ठेवायची आणि पहाटे निघायचं. गाडीला आवाज असा नव्हताच. आजारी माणसाच्या दारात गपचूप जाऊन थांबता येतं, म्हणून गुलशनला ती आवडायची.

२०१८चा उन्हाळा होता. एका संध्याकाळी रिदाने मोबाइलवर आलेली एक क्लिप ऐकवली. कुणी पुरुष घाईघाईने सांगत होता की, मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात उतरली आहे, गाडीतून बाया येतात, डोक्यावर ओढणी असते, जवळ सुया आणि बर्फाची पेटी असते, रक्त काढून घेतात.

"अम्मी, हे तर तुझंच वर्णन आहे," रिदा म्हणाली. बोलताना ती हसली, पण ते हसू अर्ध्यातच थांबलं.

"खुळे आहेत लोक," गुलशन म्हणाली आणि भाकरी उलटायला ओट्याकडे वळली.

पण दुसऱ्याच दिवसापासून तिला गोष्टी दिसू लागल्या. तळोज्याच्या एका नव्या सोसायटीत लिफ्टमधल्या बाईने आपल्या पोराला मागे ओढून घेतलं. एरवी सलाम ठोकणाऱ्या वॉचमनने पेटी उघडून दाखवायला सांगितली, आणि आतल्या लाल-जांभळ्या बुचांच्या नळ्या बघून तो एक पाऊल मागे सरकला. मग एका वळणावर चेंडूमागे धावत एक मुलगी गाडीसमोर आली. तिला गाडी ऐकूच आली नव्हती. गुलशनने करकचून ब्रेक दाबला. मुलीला धक्काही लागला नाही. पण टपरीवरची दोन माणसं उठली, गाडीच्या पुढे येऊन उभी राहिली, आणि एकाने नंबर प्लेटचा फोटो काढला.

त्या फोटोने ती हादरली. तो कुणाकुणाला पाठवला असेल? खाली काय लिहिलं असेल? उद्या कुणी म्हणालं, ही बाई मुलीला गाडीत ओढत होती, तर आपण काय दाखवणार?

"कॅमेरा लाव गाडीत," रिदा म्हणाली. "समोरच्या काचेला लावतात तो. जे घडेल ते सगळं येतं त्यात."

गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपमधल्या माणसाने हात वर केले. बाहेरचा कॅमेरा आम्ही लावत नाही, आणि दुसऱ्या कुणी वायरिंगला हात लावला तर पुढे आमच्याकडे येऊ नका, म्हणाला. मग ती एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत फुजैलकडे गेली. फुजैल तिच्या बहिणीचा मुलगा. गाड्यांना सीट कव्हर, टेप, रिव्हर्स कॅमेरे बसवायचं त्याचं दुकान होतं.

"खाला, पेट्रोलची गाडी असती तर अर्ध्या तासात दिली असती," तो बॉनेटमध्ये डोकावत म्हणाला. "ह्या जाड नारिंगी वायरी बघताय? मोठ्या बॅटरीच्या. त्यांच्या वाटेला मी जाणार नाही. चुकून हात लागला तर मी राहणार नाही आणि दुकानही राहणार नाही."

"मग?"

"आत एक लहान बॅटरी असते. दिवे, काचा, हॉर्न तिच्यावर. फ्यूजच्या डब्यातून तिचा करंट घेतो."

काउंटरवर त्याने तीन खोकी मांडली. एकात चित्र बरं होतं पण आवाज टिपला जात नव्हता. ते तिने लगेच बाजूला सारलं; लोक काय बोलतात हेच तर तिला हवं होतं. दुसऱ्याला काचेखाली मोठा पडदा होता. "हा लांबूनच दिसेल, लोकांच्या डोळ्यांवर येईल," ती म्हणाली. तिसरा आगपेटीएवढा, काळा, आरशाच्या मागे दडणारा. कार्ड भरलं की जुनं पुसून नवं लिहिणारा. तो तिने उचलला.

"आणि गाडी बंद असताना?"

"किल्ली काढली की तो बंद."

"नको. मी वर पेशंटकडे असते, गाडी खाली एकटी असते. कुणी आत काही टाकलं, काही केलं, तर मला कळायला हवं. तो चालूच राहू दे."

फुजैलने मान खाजवली. "चालू ठेवता येतो. पण तो रात्रंदिवस लहान बॅटरी चोखत राहील. ती बसली, तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी उठणार नाही. बॅटरी उतरली की कॅमेऱ्याचा करंट तोडणारं एक यंत्र मिळतं, ते सध्या माझ्याकडे नाही. मागवतो. आठवडाभर थांबा."

आठवडाभर थांबण्याची तिच्यात ताकद नव्हती. "आत्ताच बसव," ती म्हणाली. त्याने आरशामागून वायर छताच्या कापडात दाबली, दाराच्या रबराखालून खाली आणली आणि फ्यूजच्या डब्यात जोडली. कॅमेऱ्याचा बारीक निळा दिवा लागला. गुलशनने मनातल्या मनात दुआ म्हटली.

त्यानंतर ईदसाठी ती सुट्टीवर होती. गाडी पार्किंगमध्ये उभी होती, आणि कॅमेरा समोरची भिंत टिपत राहिला होता.

सुट्टी संपल्यावर पहिलंच काम तळोज्यापलीकडच्या खाडीकाठच्या गावात होतं. तिथे काशिराम कोळी राहायचा. खाडीत कारखान्यांचं पाणी आल्यापासून त्याची होडी काठावर पालथी पडली होती, आणि साखरेने त्याचा एक पाय निकामी केला होता. त्याची बायको गुणाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. गुलशन त्यांच्याकडे कित्येक वर्षं जात होती. नमुना घेतल्यावर कपभर कोरा चहा ठरलेला. मुलगा प्रितम कारखान्यात कंत्राटावर होता. बापाचे रिपोर्ट न्यायला तो लॅबमध्ये यायचा, त्यामुळे त्यालाही ती ओळखत होती.

गुलशन गाडी गावात आतपर्यंत नेत नसे. ती शाळेच्या भिंतीलगत उभी करून, उकाड्यामुळे काच दोन बोटं खाली ठेवून, गुलशन चालत गेली. नमुना घेतला, चहा झाला. परत येऊन ती गाडीत बसली, दार लावलं, किल्ली फिरवली.

काहीच झालं नाही. समोरचे दिवे क्षणभर पिवळट लुकलुकले आणि विझले. परत किल्ली. नुसती टिकटिक. येताना गाडी जेमतेम उठली होती, हे आता तिच्या लक्षात आलं. आरशामागचा निळा दिवा मात्र शांतपणे जळत होता. गाडीला जागं व्हायला लागणारी ताकद उरली नव्हती. त्या आगपेटीला पुरेल इतकी अजून होती.

तिने फुजैलला फोन लावला. "निघतोच खाला, बॅटरी आणि केबल घेऊन येतो," तो म्हणाला.

शाळा भरायची वेळ होती. दप्तरवाली पोरं गाडीभोवती घुटमळू लागली. एकाने काचेला नाक लावलं. शेजारच्या सीटवर पेटी होती, गुलशनच्या डोक्यावर ओढणी होती. एका बाईने हाक मारून पोराला बोलावलं, मग दुसरीने. आणि दुसरीच्या हाकेत भीती होती. गुलशनला ती भीती ओळखू आली. तशीच तिच्याही मनात होती.

"कोन हाय ती? कवापासून बसलीय?"

"गाडी चालू करून पलत का नाय?"

"पेटीत काय हाय बघा!"

माणसं कुठून आली ते तिला कळलं नाही. आधी भिंतीपाशी चौघं होती, मग रस्ता दिसेनासा झाला. तिने काच वर करायचं बटण दाबलं. काच हलली नाही. हॉर्न दाबला, घशातून खरखर यावी तसा आवाज निघाला आणि बंद पडला. दोन बोटांच्या फटीतून एक हात आत आला आणि लॉक चाचपू लागला. तिने तो दोन्ही हातांनी मागे लोटला.

"मी लॅबची आहे! काशिरामभाऊंकडे आले होते!" ती ओरडत होती. पण बाहेर इतका गलका होता की तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. कुणीतरी बॉनेटवर थापा मारत होतं. लहानशी गाडी होडीसारखी डोलू लागली. "जाला गाडी," असं कुणीतरी म्हणालं, तेही आरडाओरडा न करता, सहज. गाडी जाळा, म्हणजे तिच्यासकट. तिने डोळे मिटले. तेवढ्यात समोरच्या काचेवर काहीतरी आदळलं आणि काचेचा बारीक चुरा तिच्या मांडीवर पडला.

डोळे उघडले तेव्हा तडकलेल्या काचेपलीकडे हिरव्या लुगड्याची पाठ दिसली. गुणाबाई बॉनेटला पाठ टेकून उभी होती. बाजाराला निघालेली, डोक्यावर मासळीची रिकामी पाटी तशीच.

"माज्या म्हाताऱ्याचं रक्त तपासाला येते ती! कोन म्हनतो पोरं पलवते? त्यानं पुढं या! मी आताच तिला चा पाजलाय, मला नाय पलवली तिनं!"

कुणी म्हणालं, आमाला काय ठावं. मागची माणसं पांगू लागली. पोलिसांची जीप आली तेव्हा मोबाइलवर शूटिंग करत उभी राहिलेली दोन पोरं तेवढी सापडली. त्यांना जीपमध्ये बसवलं. फुजैलने केबल लावली, गाडी उठली. पण गुलशन शेजारच्या सीटवर सरकली, आणि गाडी त्यानेच चालवली.

ठाण्यात साहेबांनी विचारलं, "काच कोणी फोडली?"

"दिसलं नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं. कॅमेऱ्याचं मात्र ती बोलली नाही. का, हे तिला नीट सांगता आलं नसतं. त्या चेहऱ्यांच्या पुन्हा समोर जायचं नव्हतं, एवढंच.

घरी रिदाने कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. गर्दी आली, थापा आल्या, ते वाक्य आलं. मग गर्दीतून एक जण पुढे आला, खाली वाकला, रस्त्याच्या कडेचा फरशीचा तुकडा उचलला. त्याने सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हात मागे नेला.

तो प्रितम होता.

गुलशनने लॅपटॉप बंद केला. बाई कोण आहे, हे त्याला माहीत होतं. की गर्दीत शिरल्यावर माहीत राहत नाही? त्या विचाराने तिला दगडापेक्षा जास्त भीती वाटली.

पुढचे दिवस ती घराबाहेर पडली नाही. आरशामागचा निळा दिवा कुणीतरी पाहिला असणार; अनोळखी नंबरावरून फोन यायचे. "कॅमेरा होता ना गाडीत? काय आलंय त्यात?" बेल वाजली की ती जागीच उभी राहायची. पकडलेल्या पोरांच्या आया येऊन दारात बसल्या. आमची पोरं शूटिंग करत होती, दगड त्यांनी नाय मारला, असं म्हणून रडू लागल्या. त्या खरं बोलत होत्या. कार्डात ती दोघं कोपऱ्यात मोबाइल धरून उभी दिसत होती.

शेवटी गुलशनने गुणाबाईला निरोप धाडला. बाजार आटोपून ती आली. रिदाने क्लिप लावली. गुणाबाई चष्मा न लावता, पडद्याला जवळजवळ नाक लावून बघत राहिली.

"परत लाव," ती म्हणाली.

रिदाने परत लावली. गुणाबाई उठली, पाटी उचलली. दारात थांबून म्हणाली, "तू आदी मला दाकवलंस. पोलिसांना नाय." ते कौतुक होतं की ठपका, गुलशनला समजलं नाही. ती गेल्यावर रिदाने दाराची कडी दोनदा तपासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. जाळीच्या दाराबाहेर प्रितम उभा होता. रिदा कॉलेजला गेलेली. गुलशनने आतलं दार अर्धवट लोटून घेतलं.

"काय हवंय?"

तो तिच्याकडे बघत नव्हता. "आयनं पाठवलंय. खाली रिक्षात बसलीय ती. ठाण्यात चला म्हनते."

"कशाला?"

"मी सांगतो तितं." त्याने जाळीला हात लावला. "सगले मारत होते, बाय. मला वाटला, मी नाय मारला तर मलाच धरतील. आमच्याकडनं चा पिऊन गेलेली बाई हाय असं बोललो असतो तर..."

गुलशनला त्याची कीव आली नाही. भीतीही गेली नाही. तिने जाळीचं दार उघडलं नाही. खिडकीत जाऊन खाली बघितलं. रिक्षात खरंच गुणाबाई बसली होती. मग तिने फुजैलला बोलावलं, आणि तो आल्यावरच कार्ड घेऊन खाली उतरली.

ती दोन पोरं सुटली. प्रितमवर केस झाली, जामीनही मिळाला; कारखान्यातलं काम मात्र गेलं. कॅमेरा तसाच राहिला, फक्त आता किल्ली काढली की तो बंद व्हायचा. गुलशन कामावर परतली, पण खाडीकडचा भाग तिने लॅबला सांगून दुसऱ्याकडे दिला.

बरेच महिने गेल्यावर बाजारात गुणाबाईनेच तिला हाक मारली. तिच्या टोपलीत थोडे बोंबील उरले होते.

"म्हातारा दुसऱ्याला हात लावू देत नाय," ती म्हणाली. "पाय पुना सुजलाय."

गुलशनने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"भ्या वाटतं?"

"वाटतं, मावशी."

"वाटनारच." गुणाबाईने बोंबील कागदात बांधले. "मी मोठ्या रस्त्याला येऊन उभी ऱ्हाते. तुज्या गाडीत बसते. जाताना परत सोडते रस्त्यापरेंत."

त्या गुरुवारी गुलशन गेली. फाट्यावर गुणाबाई उभी होती. गुलशनने तिला शेजारी बसवलं, शाळेच्या भिंतीपाशी काच पूर्ण वर केली आणि या वेळी गाडी थेट घरापर्यंत नेली. पोरं बाजूला झाली. ओट्यावर प्रितम जाळं सोडवत बसला होता. गाडी बघून तो उठून मागच्या दाराने निघून गेला. काशिरामने बाही वर केली. गुलशनने सुई टोचली, पण शीर चुकली.

"दुसऱ्या हाताला बग," म्हातारा म्हणाला, आणि तो हात त्याने पुढे केला.