त्रिशलाबाईंनी न दिलेलं उत्तर

त्रिशला चौगुले सांगलीच्या एका कॉलेजात एकोणतीस वर्षं इंग्रजी कविता शिकवत होत्या. जुन्या इंग्रजी कवींना सत्य आणि सौंदर्य वेगळी वाटत नसत, हा मुद्दा त्या दरवर्षी रंगवून सांगायच्या आणि शेवटी परीक्षेचं उत्तर लिहून द्यायच्या.

एकदा मागच्या बाकावरून कोरेगावची रेश्मा उठली. तिचे वडील फौजेत होते. नोकरीत असताना एका स्फोटात त्यांचा अर्धा चेहरा भाजला होता.

"मॅडम, आमच्या आबांचा चेहरा खराच हाय. पण बारकी पोरं बघून रडत्यात. मग त्यो सुंदर कसा म्हणायचा?"

बाईंकडे टीकाकारांची तीन-चार मतं तयार होती. त्या बोलायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"मला नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "तुला काय वाटतं?"

"मला त्यो बघितल्याबिगर करमत न्हाई. एवढंच कळतं."

रेश्मा खाली बसली. त्या दिवशी बाईंनी उत्तर लिहून दिलं नाही, आणि निवृत्तीपर्यंतच्या सहा वर्षांतही नाही. मुलांचे मार्क थोडे घटले. प्राचार्यांनी दोनदा विचारलं. बाई म्हणाल्या, "मला येत असतं तर दिलं असतं, सर."