बाबांचं मशीन, माझी मिशी

नव्वदच्या दशकात मला नोकरी लागली, तेव्हा वापरून फेकून द्यायची प्लॅस्टिकची रेझर नवीनच बोकाळली होती. मी तीच वापरायचो आणि मानेवर लाल पुरळ घेऊन अंबडच्या कारखान्यात कामाला जायचो. बाबा मात्र रोज सकाळी आपल्या जुन्या स्टीलच्या मशीनने दाढी करायचे. गरम पाणी, ब्रश, साबणाचा भरपूर फेस. सगळं सावकाश. माझी मान बघून म्हणायचे, "दाबतोस कशाला? लाकूड तासायचंय का?" मला राग यायचा. स्वतःच्या तोंडाला फेस कसा लावायचा हे मला कुणी शिकवावं, हे त्या वयात सहन होत नाही.

मग एका मे महिन्यात बाबांना दवाखान्यात ठेवलं. पोटाचं ऑपरेशन होतं. तसं नेहमीचंच, पण बाबांचं हृदय आधीपासून नाजूक, त्यामुळे भूल सोसेल की नाही याची डॉक्टरांना खात्री नव्हती. हे त्यांनी आईला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं. आत जाऊन आम्ही दोघं बाबांसमोर उगाच हसत बसलो. माझी दाढी चार दिवसांची झाली होती. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "घरी जा, अंघोळ कर, दाढी कर. शुद्धीवर आल्यावर मला हे असलं थोबाड बघायचं नाही. आणि माझं मशीन घे, त्या प्लॅस्टिकने पुन्हा सोलून घेऊ नकोस."

त्या दिवशी त्यांच्याशी वाद कोण घालणार? घरी आलो, पाणी तापवलं, नवीन ब्लेड घातलं. गरम पाण्यात भिजवलेला टॉवेल तोंडावर धरला, ब्रशने फेस चढवला आणि मशीन हलक्या हाताने खाली सोडलं. बारीक खसखस आवाज येत गेला आणि मागे स्वच्छ गाल उरत गेला. परत फेस लावून उलटा हात फिरवला. मानेवर एक लाल ठिपकासुद्धा उठला नाही. गालावरून बोटं फिरवत मी कितीतरी वेळ आरशासमोर उभा राहिलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडा वेळ भीती विसरलो होतो.

तिथेच थांबायला हवं होतं. मिशीची कड सरळ करायला गेलो आणि ब्लेड नेमकं कुठवर येतं याचा अंदाज चुकला. उजवीकडचा कोपरा साफ. बरोबरी करायला डावीकडे थोडं घेतलं, ते जास्त झालं. मग पुन्हा उजवीकडे. दोन मांजरांना लोणी वाटणाऱ्या माकडासारखं करत शेवटी मिशीच राहिली नाही. तोंड विचित्र दिसलं, पण म्हटलं, केसच ते, येतील. अंघोळ केली, पांढरा शर्ट चढवला, उन्हासाठी डोक्यावर टोपी घातली आणि निघालो.

आम्ही पंचवटीत राहायचो. रामकुंडावरून क्षौर करून येणारी माणसं तिथे रोज दिसतात, आणि मिशी कधी काढतात हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला नाही कळलं. शेजारचे काका दारात फुलझाडांना पाणी घालत होते. मला पाहून त्यांनी बादली खाली ठेवली आणि हात जोडले. आज एवढा नमस्कार कशासाठी हे मला समजेना. मीही हात जोडले आणि सायकलवर टांग टाकली.

दवाखान्याच्या फाटकाशी निफाडहून एसटीने आलेले माझे चुलते भेटले. मला बघताच ते पायरीवर मटकन खाली बसले.

"कधी गेला रे? मला कळवलं बी नाय तुम्ही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "काका, बाबा आहेत. ब्लेड चुकून फिरलं मिशीवरून."

त्यांनी माझ्याकडे एकदा, दोनदा पाहिलं. "लय शाना हायेस," एवढंच म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागले.

मी जिना चढत वर पळालो. बाबांना ठरल्या वेळेआधीच आत नेलं होतं. बाकावर आई एकटी होती. मला पाहून ती उभी राहिली, तिचा हात मंगळसूत्राकडे गेला.

"खाली तुला काय सांगितलं डॉक्टरांनी?"

"काही नाही गं. दाढी करताना चुकलं."

तिचा विश्वास बसेना. तिने स्वतः माझी टोपी काढली, केस आहेत हे हाताने चाचपून बघितलं आणि मग बसली. रागावलीसुद्धा नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. आता मलाच वाटायला लागलं की आत जे व्हायचंय ते मी आधीच तोंडावर घेऊन आलोय. दाराकडे बघत, तोंडावर रुमाल धरून मी तिच्याशेजारी बसून राहिलो.

दार उघडलं आणि डॉक्टर म्हणाले, "छान झालं सगळं. भूल नीट सोसली." आईने भिंतीला डोकं टेकलं.

बाबा दुपारी शुद्धीवर आले. आम्ही दोघं खाटेजवळ उभे होतो आणि आनंदाच्या भरात मी रुमाल धरायचा विसरलो. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं. नजर माझ्या वरच्या ओठावर थांबली. बराच वेळ थांबली. मग त्यांनी कष्टाने मान वळवली आणि आईच्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू जागेवर होतं.

"बरं," ते पुटपुटले. "मग थोडं पाणी द्या."

पाणी इतक्यात द्यायचं नव्हतं. आईने त्यांचे ओठ ओल्या कापसाने टिपले आणि पदरात तोंड घालून हसत सुटली. हसता हसता रडायला लागली. मी बाहेर गॅलरीत गेलो आणि कठड्याला धरून पोटभर रडून घेतलं.