फणसाला दम द्यायचा दिवस

आमच्या परसातली कामं तीन माणसं करतात. सासरे खणतात, सासूबाई लावतात आणि मी मध्ये उभी राहून निरोप पोचवते. नवरा हिंजवडीला नोकरीला आहे. सकाळी कंपनीची गाडी त्याला घेऊन जाते आणि अंधार पडल्यावर आणून सोडते. परसात काय पिकलं, ते त्याला ताटात कळतं.

निरोपांचं कारण असं, की सासूसासरे एकमेकांशी बोलत नाहीत. मी लग्न होऊन पुण्याहून इकडे मुठा खोऱ्यात आले, त्याच वर्षी सासऱ्यांनी रस्त्याकडचं वावर विकलं. सासूबाईंना ते सह्या झाल्यावर कळलं. त्या वावरात त्यांनी उभं आयुष्य भात लावला होता. आता तिथे कुणाचा तरी बंगला आहे, तो महिन्यातून एकदा उघडतो आणि त्याचं गवत मशीनने कापतात. त्या दिवसापासून सासूबाई "त्यांना सांग" म्हणतात आणि सासरे "तिला सांग" म्हणतात. मला वाटलं होतं, दिवाळीपर्यंत निवळेल. कुठली दिवाळी, ते मी ठरवलं नव्हतं. आता नऊ होऊन गेल्या.

कामं मात्र अडत नाहीत. वैशाखात सासरे वेलांसाठी मांडव घालतात. दोडका, घोसाळी आणि कारलं कुठल्या खांबाला लावायचं, हे सासूबाई ठरवतात. त्या सासऱ्यांपासून चार हातांवर उभ्या असतात आणि ते मला म्हणतात, "तिला इचार, कारलं कुटं लावतीया." मी मान वळवते. सासूबाईंनी ऐकलेलं असतंच, त्या खांबाकडे बोट दाखवतात, तेही सासऱ्यांनी पाहिलेलं असतं. तरी मी म्हणते, "मामा, दुसऱ्या खांबाला." मग ते दुसऱ्या खांबापाशी खड्डा करतात. श्रावणात बेणणी, म्हणजे तण उपटणं. त्यात बोलण्यासारखं काही नसतं, त्यामुळे मला जरा सुट्टी मिळते. दिवाळीनंतर वाफे, मेथी, लसूण आणि कोथिंबीर. ते वाफा बांधतात, त्या मागोमाग बी टाकतात. इतकं बरोबर जुळतं, की एखाद्याला वाटावं, ह्यांचं आतल्या आत काहीतरी बोलणं चालू असेल. तसं काही नसतं. मी जवळून पाहिलं आहे.

आणि मार्गशीर्षात फणसाचा दिवस.

विहिरीकडच्या कोपऱ्यात फणस आहे. तो सासूबाईंनी माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी, एका आठळीपासून लावलेला. झाड चांगलं घरावर गेलं आहे, पण फळ धरत नाही. धरत नसलेल्या झाडाला दम द्यायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. घरधन्याने कोयता घेऊन झाडापुढे उभं राहायचं आणि तोडतो म्हणायचं. घरधनिणीने आडवं यायचं आणि गयावया करायची. झाडाने ऐकायचं. मी खालच्या बाजूला तांब्या घेऊन उभी असते, शेवटी बुंध्याशी पाणी घालायला.

हे सगळं तोंडाने, मोठ्याने आणि एकमेकांना बोलावं लागतं. निरोपाने चालत नाही. पहिल्या वर्षी मी आपलं शहाणपणाने सुचवलं होतं, की आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या वतीने मी गयावया करते. सासऱ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी वर्षभर काही सुचवलं नाही. "घरधनीणच लागती," म्हणाले, तेही मला नाही, झाडाला.

तर वर्षातून एकदा, सकाळी आठच्या सुमाराला, ते बोलतात. मला त्या दिवसाची वाट बघायची सवय लागली. हसू येतं म्हणून नव्हे. त्या दोन मिनिटांत सासूबाईंचा आवाज वेगळा असतो आणि मला तो आवडतो, इतकंच.

गेल्या मार्गशीर्षात, दम द्यायच्या आदल्या दिवशी, मी फणसाखालचा पाला ओढत होते. पाल्याखाली, अगदी मुळाशी, बुंध्याला लागून फणस होता. मुठीएवढा, हिरवागार आणि काटेरी. मी ओरडणारच होते. तोंड उघडलंही होतं. मग तोंड मिटलं आणि तिथेच पाल्यावर बसले.

झाड धरलं होतं. धरलेल्या झाडाला दम देत नाहीत. म्हणजे उद्या कोयता निघणार नव्हता, सासूबाई आडव्या येणार नव्हत्या आणि पुढच्या वर्षीही नाही. नऊ वर्षांत मी त्या दोघांचे हजारो निरोप पोचवले, त्यातला एकही मला आठवत नाही. फणसापुढचं बोलणं मात्र शब्दन् शब्द पाठ आहे. ते जाणार म्हटल्यावर मला रडूच यायला लागलं, आणि रडायचं कारण कुणी विचारलं असतं तर फणस आला म्हणून, असं सांगावं लागलं असतं.

मी इकडेतिकडे बघितलं आणि फणस पिरगाळून काढला. हातभर पांढरा चीक झाला, तो तेलाशिवाय सुटत नाही. पदराआड धरून मी तो उकिरड्यावर नेला आणि पुरायला म्हणून वरचा पाला बाजूला केला, तर तिथे आधीच दोन होते.

एकाचा देठ कोयत्याने तिरका, एका घावात तुटलेला. दुसऱ्याचा पिरगाळलेला, दोरे लोंबत असलेला. मी तिसरा त्यांच्याशेजारी ठेवला आणि परत झाडापाशी गेले. बुंध्याच्या मागच्या अंगाला, जिकडे कुणी जात नाही, तिकडे जुन्या देठांची खुंटं होती. काही वाळून काळी पडलेली. काही उंचावर, तिरक्या घावाची. काही जरा खाली, पिरगाळलेली. सासऱ्यांची उंची आणि सासूबाईंची उंची मला माहीत आहे. मुळाशी मात्र माझं ताजं सोडून एकही खुंट नव्हतं. सासऱ्यांची कंबर आता तितकी खाली वाकत नाही, सासूबाईंचे गुडघेही तितके वाकत नाहीत. खालचा फणस राहिला तो एवढ्याचसाठी.

दर मार्गशीर्षात सासरे कोयता रॉकेलने पुसतात, ते गंज चढतो म्हणून, असं मी समजत होते. सासूबाई हाताला खोबरेल तेल चोळत बसतात, ते थंडीच्या भेगांसाठी, असं मी समजत होते. एकाचं दुसऱ्याला ठाऊक आहे का, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारायचं तर निरोप मलाच न्यावा लागेल.

घरात आले आणि तेलाची बाटली शोधली. ती सासूबाईंजवळ होती. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, बाटली पुढे सरकवली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता सासरे कोयता घेऊन झाडापुढे उभे राहिले. बुंध्याच्या मागच्या अंगाला कुणी गेलं नाही.

"इतकी वर्सं झाली, धरत न्हाई," ते म्हणाले. "ठिवून काय करायचं? आज तोडतोच."

सासूबाई आडव्या आल्या. पदर सावरला आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "तोडू नका. येवढं साल जाऊ द्या. पुडच्या सालाला धरंल."

"धरंल?"

हा शब्द रीतीतला नव्हता. तो नऊ वर्षांत कधी आला नव्हता. सासूबाईंनी बुंध्यावर हात ठेवला.

"घाई काय हाय?" त्या म्हणाल्या.

"तू म्हंतीस म्हून ठिवतो," सासरे म्हणाले आणि कोयता खाली केला.

मी पुढे होऊन पाणी घातलं. तिघं तशी जवळच उभी होतो, आणि तिघांच्याही हातांना खोबरेल तेलाचा वास येत होता.