शेजारच्या बाईंचा सराव

तिरोड्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई पन्नाशी उलटल्यावर महिलांच्या ड्रमपथकात शिरल्या. सरावासाठी त्यांनी एका पाटावर टायरचा तुकडा ठोकून घेतलेला होता. तो मांडीवर घेऊन त्या रोज सकाळी ओट्यावर बसत आणि "उजवा, डावा" असं मोठ्यानं म्हणत काड्या मारत. चुकलं की स्वतःलाच दटावत, "झोपली का व?"

पुढं झटका येऊन माझ्या बाबांची उजवी बाजू लुळी पडली. त्यांना दवाखान्यातून घरी आणलं, त्या दिवसापासून बाईंनी सराव बंद केला. बाबा कुणाशी बोलतच नव्हते. एका सकाळी मात्र त्यांनी अडखळत विचारलं, "ते बाई काऊन वाजवून नाही राहिली?"

मी बाईंना जाऊन सांगितलं. त्या पाट घेऊनच आल्या, बाबांच्या खाटेवर बसल्या आणि त्यांच्या डाव्या हातात एक काडी दिली.

"उजवा माझा, काकाजी. डावा तुमचा."

बाईंनी ठोका मारला. बाबांना अशक्तपणामुळं तो धड हातही उचलायला फार वेळ लागला. बाई आपली काडी वर धरून थांबल्या. शेवटी बाबांची काडी टायरवर पडली. मग बाईंनी पुढचा ठोका मारला आणि पुन्हा थांबल्या.

थोड्या वेळानं बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाईले चहा मांड," ते म्हणाले.